पाच नारळांची परीक्षा

मी एक जुना करंट सेन्सर आहे. जुना म्हणजे अवघा दोन वर्षांचा, पण टाकून दिलेल्याचे वय लवकर वाढते. मोटारीत किती वीज वाहते ते मोजायचे, आणि काही अडकून प्रवाह वाढला की तिला थांबवायला सांगायचे, एवढेच माझे काम.

मित्रांनो, डिचोलीच्या एका कारखान्यात साईश नावाचा अभियंता नारळ खवण्याचे यंत्र बनवत होता. मोटार ब्रशलेस, म्हणजे कमी झिजणारी, एकदम उत्तम. माझ्या जागी आधी एक महागडा सेन्सर होता. तो काढून साईशने निम्म्या किमतीच्या मला बसवले. मला कोण आनंद झाला! फार तापलो तर मी प्रवाह कमी दाखवतो, हे माझ्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिले होते. साईशने ते पान उलटलेसुद्धा नाही.

परीक्षा झाली ती पंख्याखाली, पाच नारळांवर. मी सगळे बरोबर सांगितले. साईशने यंत्राला शाबासकी दिली. पेडण्याहून त्याची देवकीमावशी आली होती. देवळासाठी अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, गुंफण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. ती म्हणाली, "अरे, चवथीक चाळीस नारळ लागतत आमका. पाचांनी काय कळतला?"

"मावशे, मशीन ता. दमाचा नाय," साईश हसला.

चवथीला यंत्र तिच्याच घरी गेले. पाच भावांचा एकच गणपती, चूलही एकच. नेवऱ्यांसाठी, म्हणजे करंज्यांसाठी, नारळामागून नारळ येत राहिले. तिसाव्या नारळाला मी पुरता तापलो होतो. चौतिसाव्याला करवंटी निसटली आणि मावशीची बोटे पात्यात सापडली. प्रवाह उसळला. मी मात्र सांगितले, सगळे ठीक आहे. तिची जाऊ सुशीला हिने धावत येऊन बटण बंद केले, तोवर दोन बोटे गेली होती.

साईश ढसाढसा रडला. मग मला उपटून, 'सदोष' अशी चिठ्ठी लावून त्याने खणात टाकले. नाचता येईना अंगण वाकडे!

मित्रांनो, स्वस्त वस्तू खुशाल घ्या. पण तिला चाळीस नारळ खवायचे असतील, तर आधी चाळीस खवून पाहा.

परवा मावशी कारखान्यात आली. तिने मला खणातून उचलून तळहातावर घेतले.

"इतलोसोच हो?" मग तिने साईशला विचारले, "आता नवो बसयलंस, त्याका किती नारळ लावलंस?"

"बारा. चवथ जवळ इली मावशे."

उरलेल्या तीन बोटांनी तिने मला परत खणात ठेवले.