दाराला टेकवलेला झाडू

"मीठ कुठे आहे, असं विचार मला," मी म्हणाले.

क्लावा उठली, चुलीशेजारचं कपाट उघडलं आणि मिठाची बरणी आणून माझ्यापुढे आदळली. "हे घे तुझं मीठ. आता यात विचारायचं काय?"

"अगं, मला मीठ नकोय! प्रश्न हवाय. लात्व्हियनमध्ये."

"मला ठाऊक असलेली गोष्ट मी विचारू? वेड लागलंय का मला?"

आमच्या शिकवणीची गाडी बरेच दिवस अशी मिठापाशीच अडली होती. मी उभा जन्म शाळेत घालवला. गावातली शाळा बंद पडली तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. तर म्हातारपणी ही विद्यार्थिनी पदरी पडली.

क्लाव्दिया माझी शेजारीण. कुंपणापलीकडचं निळ्या खिडक्यांचं घर तिचं. तरुणपणी ती रशियातल्या स्मोलेन्स्ककडून इथल्या सामुदायिक शेतावर वासरं सांभाळायला आली, ट्रॅक्टरवाल्या स्तेपानशी लग्न केलं आणि इथलीच होऊन गेली. वासरांना कुठलीही भाषा चालते. आम्ही दोघी आयुष्यभर रशियनमधूनच बोललो, भांडलो, एकमेकींच्या स्वयंपाकघरात बसून रडलो. लात्व्हियनची गरज पडली कुणाला? पुढे, तिकडचं पेन्शन लवकर सुरू होतं म्हणून, गावातल्या चारचौघांसारखा तिनेही रशियाचा पासपोर्ट घेतला. आता त्याच पासपोर्टापायी इथल्या सरकारचा हुकूम आला होता. लात्व्हियन भाषेची परीक्षा द्या, नाहीतर देश सोडा. एकदा ती नापास झाली होती, आणि ही तिची शेवटची संधी होती.

तिकडे रशियात तिचं होतं कोण? प्स्कोव्हला एक भाची, तीही नववर्षाला फोन करण्यापुरती. आणि इकडे माझं कोण होतं, तेही सांगून टाकते. आमच्या रस्त्यावर धुरांड्यातून धूर निघायचा तो तिच्या घरातून आणि माझ्या. बाकीच्या घरांची माणसं कधीच शहरात, नाहीतर आयर्लंडला. ती नापास झाली तर हद्दपारी दोघींना होणार होती. मला फक्त बस पकडावी लागणार नव्हती.

शेवटी मी एक युक्ती केली. दुसऱ्या दिवशी क्लावा नेहमीप्रमाणे आपल्या दाराला झाडू आडवा टेकवून माझ्याकडे आली. आमच्याकडे कुंपणापर्यंत, जंगलात मशरूम वेचायला किंवा फिरत्या दुकानाच्या गाडीपर्यंत जायचं तर कुलूप कुणी लावत नाही. दाराला झाडू टेकवला की येणाऱ्याने समजायचं, घरात कोणी नाही, बाई येईल एवढ्यात.

चुलीवर कोबीचं सूप उकळत होतं. तिने चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि कपाट उघडलं. कपाट रिकामं होतं.

"मीठ कुठंय?" ती रशियनमधून ओरडली.

मी विणकामातून मान वर केली नाही.

"चाकू कुठंय? काड्यापेटी? चोर आले होते का गं?"

"मला नाही समजत तू काय म्हणतेस," मी लात्व्हियनमध्ये म्हणाले.

पळी हातात धरून ती माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिली. सूप उतू जायला लागलं तसं शेवटी तिच्या तोंडून निघालं, "कुर ईर साल्स?" मीठ कुठे आहे, चक्क लात्व्हियनमध्ये.

"मीठ पलंगाखाली आहे."

"पलंगाखाली? मीठ? बाई, तुम्हाला डॉक्टरची गरज आहे!"

शिकवणीच्या वेळी ती मला मुद्दाम बाई म्हणायची, तेही नाक वर करून. पण त्या दिवसापासून ती विचारायला लागली. काड्यापेटी बुटात, चाकू घड्याळामागे, चहाची गाळणी फुलदाणीत. आत, खाली, मागे, वर, सगळं तिला येऊ लागलं. पंचाईत एवढीच झाली, की कुठली वस्तू कुठे लपवली ते मीच विसरू लागले. शिकवणी संपली की दोघी मिळून गाळणी शोधायचो. हसून हसून क्लावाच्या डोळ्यांत पाणी यायचं.

एकदा पाठ्यपुस्तकात होता तो प्रश्न मी तिला सहज विचारला, "तुझा नवरा कुठे आहे?" विचारल्यावर मी जीभ चावली. पण क्लावाने खिडकीबाहेर पाहिलं आणि सावकाश, एकही चूक न करता म्हणाली, "माझा नवरा पाइनच्या झाडाखाली आहे."

स्तेपानची कबर खरंच पाइनखाली आहे, आमच्या कब्रस्तानाच्या कोपऱ्यात. दर शनिवारी ती कबरीभोवतीची वाळू, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, दाताळ्याने नीट ओढून यायची. मी वहीत बरोबरची खूण केली. दुसरं काय करणार?

परीक्षेला दाउगावपिल्स शहरात मी तिच्याबरोबर गेले. तिने इस्त्रीचा रुमाल डोक्याला बांधला होता आणि परीक्षकबाईंसाठी पिशवीभर सफरचंदं आणली होती. ती मी दारातच काढून घेतली. मी बाहेर बाकावर बसले. क्लावा आत गेली आणि बाहेर आली तेव्हा मला काही विचारावं लागलं नाही.

"बाई चांगली होती," ती म्हणाली. "मला पाणी दिलं. तिने गावाचं चित्र पुढे ठेवलं आणि म्हणाली, पोस्ट कुठे आहे ते विचारा. मी म्हटलं, पोस्ट नाही. बंद."

"अगं क्लावा!"

"बंदच आहे ना? मग ती म्हणाली, बरं, शाळेचं विचारा. मी म्हटलं, शाळा नाही. बंद. दवाखाना? नाही. बंद. सगळं लात्व्हियनमध्ये सांगितलं हं!"

"तुला विचारायचं होतं. सांगायचं नव्हतं."

"नसलेली गोष्ट कुठे आहे म्हणून विचारू? तिला काय वाटलं असतं, ही बाई कुठून आलीय?"

मला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच विरलं. बसमध्ये आम्ही ती सफरचंदं खाल्ली. आयुष्यभर मुलांना पास करत आले, आणि जिचं पास होणं मला हवं होतं तीच राहिली.

निकालाचं पत्र आलं त्यात नवीन काही नव्हतं. क्लावाने कोंबड्या माझ्या खुराड्यात आणून सोडल्या, लोणच्याच्या बरण्या माझ्या तळघरात लावल्या. स्तेपानपाशी जाऊन आली आणि दाताळं माझ्या पडवीत ठेवलं. जायच्या सकाळी तिने दार ओढून घेतलं आणि झाडू आडवा टेकवला.

"कुलूप लाव ना गं," मी म्हणाले.

"कुलूप लावायला मी काय लांब चाललेय?"

बस आली. तिने मला मिठी मारली नाही, आम्हा दोघींनाही ते जमत नाही. पायरीवर उभी राहून ती नाक वर करून म्हणाली, "बाई, तुमची गाळणी कुठे आहे?" संपूर्ण वाक्य, स्वच्छ लात्व्हियनमध्ये. आणि दार मिटलं.

गाळणी मला अजून सापडलेली नाही. चहातली पानं मी दातांनी अडवते.

शरद ऋतूत वारा सुटतो तेव्हा झाडू पडतो. कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर पडले की कुंपण ओलांडून मी तो पुन्हा टेकवते. शनिवारी दाताळं घेऊन पाइनखाली जाते. पाठ भरून येते, पण जाते.

परवा पालिकेचा एक माणूस आला, ओसाड घरांची नोंद करायला. शहरातला, बूट चिखलात रुतलेले. त्याने निळ्या खिडक्यांकडे बोट दाखवून अदबीने विचारलं, "या घराची मालकीण कुठे आहे?"

शब्दन् शब्द आमच्या पुस्तकातला प्रश्न.

"बाहेर गेलीय," मी म्हणाले. "झाडू दिसत नाही का तुम्हाला?"

त्याने झाडूकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं. "मग येणार कधी?"

आमची शिकवणी 'कुठे'पाशीच संपली होती. 'कधी'पर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. मी वाकले आणि जरासा घसरलेला झाडू सरळ केला.