मापाचा मान

घर न बदलता आठ वर्षांत आम्ही तीन राज्यांत राहिलो. आधी संस्थान होतं, मग मध्यभारत झाला आणि छप्पन सालच्या नोव्हेंबरात मध्यप्रदेश व्हायचा होता. मध्यभारताची राजधानी उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर अशी वाटून दिलेली होती. पावसाळा कोणाकडे, हे ठरवायचं राहूनच गेलं. तो आम्ही आमच्याकडे घेतला.

आम्ही म्हणजे टोपी बाजाराच्या मागे महिपतरावांच्या गच्चीवर जमणारी चार-पाच माणसं. मंडळाला नाव नव्हतं. नाव दिलं असतं तर अध्यक्ष निवडावा लागला असता, आणि अध्यक्ष निवडला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी माणसांत दुसरं मंडळ निघतंच. आमचं काम एकच, वादळाची वाट बघायची. रिमझिम पडली तर आम्ही पत्ते खेळायचो. ढग गडगडल्याशिवाय कोणी मान वर करत नसे.

वादळ कुठवर आलंय हे कळायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. बस अड्डा होता. शिवपुरीची बस आली की जयसिंहराव कोट सावरत मागच्या शिडीनं टपावर चढायचे आणि सामानावरच्या ताडपत्रीला हात लावून बघायचे. जयसिंहरावांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर आले होते. ते स्वतः विमा कंपनीत होते, पण चढण्याची ऐट घोड्यावरचीच. ताडपत्रीवर धूळ असली की आकाश कोरडं. नुसती पुढची कड ओली असली, तर बस पावसातून धावत निघून आली. घड्यांत पाणी साचलेलं असलं की सगळ्यांनी जेवण आटोपून गच्चीवर यायचं. सुरुवातीला कंडक्टर त्यांना जकातवाले समजून चहा पाजायचे. पुढे ड्रायव्हरच ओरडू लागले, "आओ सरदार साहब, नब्ज देख लो!"

टपावर चिकटून आलेलं एखादं पान ते खिशातून आणायचे. पांडुरंगराव ते चष्म्यासमोर धरून पाऊस कोणत्या रानात झाला ते सांगायचे. पांडुरंगरावांच्या घराण्यात भिक्षुकी होती. आता ते बँकेत होते, पण पंचांग सुटलं नव्हतं. "धावडा आहे. म्हणजे मोहना गावाच्या अलीकडे." बरोबर की चूक ते कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे त्यांचं सहसा बरोबर असे.

गच्चीच्या मधोमध चौथऱ्यावर तांब्याचं पर्जन्यमापक होतं. वर नरसाळं, आत बाटली आणि मोजायला वेगळा काचेचा पेला. पाऊस किती पडला हे दरबारात सांगण्याचं काम महिपतरावांच्या आजोबांकडे होतं. दरबार गेला, पण काम गेल्याचं कोणी कळवलं नाही, म्हणून ते चालूच राहिलं. पेल्याला मानकऱ्याखेरीज कोणी हात लावायचा नाही. पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय बाटली काढायची नाही. देणारा देत असताना ओंजळ मागे घेऊ नये, असं आजोबा म्हणत. मग मानकऱ्यानं पेला उजेडात धरून रस्त्याच्या दिशेला इंच आणि सेंट, म्हणजे इंचाचे शंभरावे भाग, खणखणीत आवाजात पुकारायचे. खाली कोणी ऐकत नसे. दरबारातही ऐकत असतील असं मला वाटत नाही.

आणि मान पुढच्या माणसाला द्यायचा तो वादळातच. जुना आणि नवा अशा दोन्ही मानकऱ्यांनी एकच पेला धरायचा, बाहेर गडगडाट हवा आणि पेल्यात त्याच पावसाचं पाणी हवं. महिपतरावांना तो वडिलांकडून असाच मिळाला होता.

आता महिपतरावांचं सगळं खातं भोपाळला निघालं होतं. खुर्च्या गेल्या, कपाटं गेली, वहिनीही पुढे घर लावायला गेल्या. महिपतरावांचं तिकीट गुरुवारच्या संध्याकाळच्या गाडीचं होतं. आणि आकाश असं स्वच्छ, की किल्ल्यावरची माकडं मोजावीत.

"हस्ताचं वाहन म्हैस होतं ना हो, पांडुरंगराव?" जयसिंहराव म्हणाले. "धो धो पडणार होता."

"म्हैस आहे. म्हैस सावकाश येते."

"हस्त संपून चित्रा लागली!"

"मग चित्रेत येईल. तिला काय नक्षत्र वाचता येतं?"

महिपतराव संध्याकाळी गच्चीवर येत, नरसाळ्यातलं वाळकं पान काढत आणि नैऋत्येकडे बघत बसत. एकदाच मला म्हणाले, "राज्य विलीन झालं तेव्हा सह्यांना पाच मिनिटं लागली असतील. मला एक पेला देता येत नाहीये."

"तांब्याभर पाणी ओता त्यात," पांडुरंगराव म्हणाले. "संकल्प मी सांगतो."

महिपतरावांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांनी एखाद्या घोडनवऱ्याचं बाहुलीशी लग्न लावायला सुचवलं होतं. "कोरड्या मापाचा मान म्हणजे रिकाम्या पालखीला खांदा," ते म्हणाले. "वादळ आलं तर देईन. नाही आलं तर हा माझ्याबरोबर संपला."

कोणाला देणार हे त्यांनी सांगितलं नव्हतं, पण तो आपल्यालाच मिळणार हे जयसिंहरावांनी गृहीत धरलं होतं. महिपतरावांची धाकटी बहीण सुधाताई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि त्याच घरात राहायची. तिनं एकदा चहा देता देता विचारलं, "जयसिंहराव, काल सकाळी तुमच्या न्हाणीघरात चार इंच पडला म्हणे? आमच्या मोलकरणीनं ऐकला."

जयसिंहराव लालबुंद झाले. "आवाज मोकळा करत होतो."

"करा, करा. पाणी तरी कुठे पडू दे."

गुरुवारी दुपारी हवा थांबली. मी आणि पांडुरंगराव महिपतरावांना स्टेशनवर पोचवायला म्हणून लवकर गेलो. टांगा दारात होता, ट्रंक चढली होती, आणि महिपतराव प्रवासाचा कोट घालून उगाच गच्चीवर उभे होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जयसिंहराव धावत येताना दिसले. त्यांनी उजवा हात झेंड्यासारखा वर धरला होता. कोटाची बाही कोपरापर्यंत ओली होती.

"शिवपुरी!" ते जिन्यातूनच ओरडले. "घड्यांत पाणी नाही, महिपतराव, हौद आहे हौद! ड्रायव्हर म्हणतो, घाटीगाँव के इधर तो साहब, वाइपर ने हाथ जोड़ लिए!"

महिपतरावांनी कोट काढला आणि सुधाताईच्या हातात दिला. आम्ही नैऋत्येकडे तोंड करून उभे राहिलो.

आधी क्षितिजावर फक्त एक पट्टा होता, तव्याच्या बुडासारखा. मग कळलं की तो पट्टा नाही, ढगाची कड आहे. कोणी प्रचंड सतरंजी लोटावी तशी ती कड उलगडत पुढे येत होती. तिच्या खाली वांगी रंग होता आणि त्या रंगात आतल्या आत उजेड फिरत होता, नुसता, आवाजाशिवाय. घारी एकदम खाली उतरल्या. सराफ्याकडून येणारा गलका कोणीतरी दार लावल्यासारखा बंद झाला. मग वारा आला. तो इतका गार होता की पांडुरंगरावांनी उपरणं कानाला गुंडाळलं. घाऊक दुकानांबाहेरचे कागद, खोकी, एक अख्खी टोपली आमच्या डोक्यावरून किल्ल्याकडे निघून गेली.

पहिली वीज किल्ल्याच्या मागे नाही, किल्ल्यावर पडली असं वाटलं. भर दुपारी तो सगळा डोंगर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा झाला. तट, बुरूज, घुमट, तटातून उगवलेलं एकेक झुडूप, लहानपणापासून रोज पाहूनही कधी न दिसलेलं सगळं एका क्षणात दिसलं. मग आवाज. जयसिंहराव प्रत्येक गडगडाटाला तोफेचं नाव द्यायचे. ही बारा पौंडी, ही अठरा. या वेळी त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पाऊस आला तो थेंबांनी नाही. भिंत आली आणि आमच्यातून पार झाली. किल्ला गेला. शेजारचं घर गेलं. उरला फक्त चौथरा, त्यावरचं तांबं आणि आमची तोंडं. वीज पडली की ती तोंडं एकमेकांना दिसायची, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, देवळात चुकून पडदा सरकून गाभारा दिसावा तसा. थट्टा करण्यासारखं काही आठवेना. मला हे क्वचितच होतं.

सुधाताईनंच पहिल्यांदा नरसाळ्याकडे बघितलं. "दादा, बाटली भरली."

"थांबू दे पाऊस."

"हा थांबणार नाही. नरसाळ्यात पाणी तुंबलंय बघ."

"थांबल्याशिवाय काढत नाहीत, सुधे."

"बरोबर आहे," जयसिंहराव ओरडले. ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं. "रीत म्हणजे रीत!"

"शास्त्रार्थ असा, की..." पांडुरंगरावांचा शास्त्रार्थ वीज घेऊन गेली.

तोवर पाणी नरसाळ्याच्या काठावरून चौथऱ्यावर सांडू लागलं होतं. आयुष्यभर ज्या पावसाची वाट बघितली तो आमच्या डोळ्यांदेखत मापाबाहेर जात होता, आणि मराठी राज्याचे आम्ही उरलेसुरले वारस त्याच्याभोवती अदबीनं उभे होतो. थाटीपुरातलं सरकारी पर्जन्यमापक आठवड्यापूर्वीच भोपाळसाठी खोक्यात बंद झालं होतं. शहरात हा पाऊस मोजणारं दुसरं काही नव्हतं.

"देणारा देतोय," महिपतराव म्हणाले. "ओंजळ काढायची नसते."

"ओंजळ भरली की माणूस पितो, दादा! आणि पुन्हा धरतो!"

ती आत धावली आणि स्वयंपाकघरातली पितळी कळशी घेऊन आली. नरसाळं उचललं, बाटली काढली आणि नरसाळं कळशीच्या तोंडावर बसवलं. सगळं झालं तेव्हा आमचा श्वास अजून आतच होता.

"कळशी?" जयसिंहराव म्हणाले. "पर्जन्यमापकाला कळशी?"

"वरचं तोंड तेवढंच आहे ना? मग खाली बाटली असो की घंगाळ. सातवीतल्या मुलींना कळतं. धरा हे." तिनं त्यांच्या हातातली टोपी काढून त्यांना बाटली दिली आणि चौथऱ्यावरचा पेला उचलला.

पेल्याला हात लागला तेव्हा आम्ही सगळे महिपतरावांकडे बघू लागलो. ते जागचे हलले नाहीत. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, पुसलं नाही. त्यांची नजर पेल्यावर नव्हती, चौथऱ्यावर सांडून गेलेल्या पाण्यावर होती. ते गच्चीच्या मोरीकडे निघालं होतं आणि कितीही रीत पाळली तरी परत येणार नव्हतं.

मग ते पुढे आले. सुधाताईच्या हातावर हात ठेवून त्यांनी पेला धरला. "ओता, जयसिंहराव," ते म्हणाले.

जयसिंहरावांनी ओतलं. त्यांचे ओठ आवळलेले होते, पण धार एकदाही चुकली नाही. पेला भरला, आकडा पाहिला, ओतून टाकला, पुन्हा भरला. दोन हात आणि एक पेला. डोक्यावर आकाश फाटत होतं, त्यामुळे बाकी अटींची काळजी नव्हती. बाटली संपल्यावर महिपतरावांनी पुकारायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि बहिणीकडे बघितलं.

सुधाताईनं आकडा पुकारला. तिचा आवाज कठड्यापर्यंतही पोचला नाही.

"असं नाही!" जयसिंहराव म्हणाले. ते कठड्याशी गेले, छाती भरून घेतली आणि न्हाणीघरात कमावलेला सगळा आवाज गल्लीवर सोडला. "पाच इंच! अठ्ठ्याऐंशी सेंट! आणि पुढे चालूऽऽ!"

सांडलं ते किती, यावर लगेच मतभेद झाले. जयसिंहराव म्हणाले दोन इंच. पांडुरंगराव म्हणाले, फार तर आचमनापुरतं. त्या दिवसाच्या पावसात ते भोक कायमचं राहिलं, आणि पेला ताब्यात आलेली सुधाताई म्हणाली, "सांडलं ते सांडलं. अंदाजाचं पुकारायचं नाही." तिचा पहिला नियम तोच.

खालून टांगेवाला ओरडत होता, "बाबूजी, घोड़ा कह रहा है नाव मँगा लो! चलना है तो चलो!"

महिपतराव ओल्या कपड्यांनिशीच उतरले. मी मागोमाग गेलो. जिन्याच्या वळणावर त्यांनी एकदा वर बघितलं. सुधाताई कळशीवर वाकली होती, तिनं मान वर केली नाही. ते खूश दिसले.

रस्त्याचा ओढा झाला होता. घोड्याच्या पोटापर्यंत पाणी. महिपतरावांनी टांग्याचं टप मागे ढकललं.

"भिजाल," मी म्हणालो.

"भिजलोय."

बऱ्याच मागून, छपरांवरून जयसिंहरावांचा आवाज आला. नवा आकडा होता. गडगडाटानं तो मधेच गिळला.

"किती म्हणाले?" मी विचारलं.

महिपतराव टांग्यात उभे राहिले होते, एका हातानं माझा खांदा धरून. पुन्हा वीज झाली आणि किल्ला सबंध बाहेर आला, ओला, पांढरा, नुकताच कोणी तिथे आणून ठेवल्यासारखा.

"कोण जाणे," ते म्हणाले. आणि मग, "अहो, बघा तरी."

त्यांनी बोट दाखवलं नाही. बोट पुरलं नसतं.