त्या दुखण्याचं नाव

त्या घरात दुखण्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं की दुखणं ओ देतं, असं चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्यांची आई म्हणायची. आई जाऊन वर्षं लोटली, पण तिचा धाक काही गेला नाही. दोन वर्षांपूर्वी चष्मेवाल्यांना हृदयविकाराचा झटका आला, तोही घरात नुसता 'ते' होऊन राहिला. "ते झालं त्या वर्षी पडदे बदलले," असं त्यांची बायको सांगायची आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं.

आता धाकटी लेक समुद्रापार बाळंत व्हायची होती. दोघांना तिकडे जायचं होतं, म्हणून विम्याचं काम करणारी शेजारची सून दुपारी समजावायला आली. सामान हरवलं तर काय, विमान चुकलं तर राहायचं कुठे, परक्या देशात दवाखान्यात ठेवावं लागलं तर काय, सगळं ती निवांत सांगत होती.

टेबलावर पिवळं ऊन पडलं होतं. ऐकता ऐकता बायकोची तंद्री लागली. फिरत्या पट्ट्यावरून बॅगा निघाल्या होत्या, कापसासारख्या हलक्या. काचेपलीकडे लेक बाळ घेऊन उभी होती. बायको काचेच्या कडेकडेने चालत राहिली, पण दार काही सापडेना.

"काका, आधीचं काही आजारपण?"

"छे! एकदम ठणठणीत."

काचेच्या जागी दवाखान्याचा पांढरा बोळ आला. खाटेवर हे पडलेले, आणि कुणीतरी परक्या भाषेत तिला विचारत होतं, यांना काय झालंय? तिचे ओठ शिवल्यासारखे मिटलेले. बायको दचकून सावध झाली.

"आणि आधीचं लपवलं तर गं?"

"तर पॉलिसी असून नसल्यासारखी, काकू. तेच दुखणं उपटलं की कंपनी हात वर करणार."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," चष्मेवाले हसत म्हणाले.

"इथे उघडावी लागते, काका. जुना आजार धरणारी पॉलिसीही असते. पण आधी सांगायला हवं."

बायकोने पदर घट्ट धरला. सासूबाई, माफ करा, असं मनात म्हणून ती बोलली, "ह्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय."

काहीच झालं नाही. पंखा फिरत होता तसाच फिरत राहिला.

"झालं तुझं समाधान?" चष्मेवाल्यांचा आवाज चिरकला. "आता नाही म्हणाले तर? नातवंड काय फोनवरच बघायचं?"

"तसं नाही, काका. गेल्या सहा महिन्यांत पुन्हा त्रास झाला नसेल, तर बहुतेक मिळेल."

चष्मेवाले टेबलावरच्या उन्हात बोट फिरवू लागले.

"गेल्या महिन्यात," ते खाली बघत म्हणाले. "दुकानात. शटर अर्धं ओढून बसलो होतो. दरदरून घाम सुटला होता. तुला सांगितलं असतं तर जाणंच राहिलं असतं."

तिला त्यांचा भयंकर राग आला. महिनाभर ती शेजारी गाढ झोपली होती, बाळाच्या टोपड्यांचे रंग ठरवत होती, आणि हा माणूस एकटा भीत होता. रडू फुटायच्या आत ती उठली आणि तिने त्यांच्या चपला आणून पायाशी ठेवल्या.

"घाला."

"कुठे जायचंय?"

"डॉक्टरांकडे. नातवंड बघायचंय ना?"