फळ्यावरचं नाव

दरवर्षी सीझनच्या आधी मी कॉलेजच्या जिमखान्यातल्या फळ्यावर एका मुलीचं नाव लिहितो. यंदा बास्केटबॉलमध्ये हीच चमकणार, असा त्याचा अर्थ. बावीस वर्षांत माझा अंदाज फारसा चुकलेला नाही. दोन वर्षांपूर्वी सृष्टीचं नाव लिहिलं आणि पंधरा दिवसांत तिचा गुडघा गेला. गेल्या वर्षी अदिबाचं लिहिलं. फळ्यावर नाव आलं म्हणून ती पहाटे एकटीच सरावाला यायला लागली, आणि इंदिरानगरजवळ एका टेम्पोनं तिची स्कूटी उडवली. ती गेली. तिचं नाव फळ्यावरून अजून कोणी पुसलेलं नाही. मीही नाही.

आज निवड चाचणी होती. अकरा मुलींनी प्रत्येकी दहा फ्री थ्रो मारले आणि एकही बॉल रिंगमध्ये गेला नाही.

"हात मोडलेत का तुमचे?" मी ओरडलो.

कोणी वर बघेना. मग कॅप्टन निकिता हळूच म्हणाली, "सर, यंदा नाव नका लिहू."

असला खुळचटपणा मी मानत नाही. तसं सांगून सगळ्यांना चांगलं झाडलं.

शेवटी जागृती आली. ती देवळ्याहून यंदाच आलेली, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं दहापैकी नऊ टाकले. बाकीच्या तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. टाळी कोणी वाजवली नाही.

"सर, माझे किती लिहिले?" तिनं धावत येऊन विचारलं.

मी वहीवर तळहात ठेवला. तिच्या नावापुढे मी शून्य लिहिलं होतं.