न पुरलेला वेल

बुखाऱ्याचा उन्हाळा मी चौतीस वर्षं मोजला. शहराबाहेरच्या हवामान केंद्रात, पांढऱ्या झडपांच्या पेटीतला तापमापक दर तीन तासांनी वाचायचा आणि आकडा वर कळवायचा, हे माझं काम. त्यामुळे उन्हाबद्दल मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी फिरतंच. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसलं.

माझी बायको महफूजा आकडे मानत नाही. ती सकाळी अंगणात येते, मातीवर तळवा टेकवते आणि म्हणते, "आज वेलाला जड जाणार." मी म्हणायचो, "त्रेचाळीस म्हण की सरळ." ती म्हणायची, "त्रेचाळीस तुम्हाला. वेलाला जड."

वेल म्हणजे आमच्या अंगणातला द्राक्षाचा. तो तिच्या माहेरचा. तिचं गाव वाळवंटाच्या कडेला होतं. आधी विहिरी खाऱ्या झाल्या, मग वाळू आली, मग माणसं उठून गेली. शेवटच्या खेपेला तिच्या आईने वेलाची एक कांडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि आमच्या अंगणात लावली. तीस वर्षांत त्या कांडीचा मांडव सगळ्या अंगणावर पसरला. द्राक्षं लांबट, फिकट पिवळी, आणि साल इतकी पातळ की बाजारात नेईपर्यंत फुटायची. म्हणून ती कोणी लावत नाही. आमच्या मोहल्ल्यात नाहीत, शहरात असतील तर मला माहीत नाही. त्या गावाचं तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. आईची कबरसुद्धा वाळूखाली गेली.

ती दरवर्षी म्हणायची, "निगीनाला एक कांडी देऊ या. ताशकंदला लावेल." आणि दरवर्षी मी म्हणायचो, "छाटणी होऊ दे, मग बघू."

गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात निगीना, आमची मुलगी, बाळंत झाली. पहिलटकरीण. चाळीस दिवस बाळंतिणीला आणि बाळाला घराबाहेर काढत नाहीत, आणि त्या चाळीस दिवसांत आईने लेकीजवळ असायचं असतं. नेमका त्याच आठवड्यात इथे चिल्ला बसला, म्हणजे उन्हाळ्याचे ते चाळीस दिवस, ज्यात चिमण्यासुद्धा चोच उघडी ठेवून बसतात. महफूजा पिशवी भरत होती आणि तोंडाने मला बजावत होती.

"मंगळवारी पहाटे पाटाला आपली पाळी. अर्धा तास. आळं काठोकाठ भरून घ्यायचं, पाणी मुरलं की वर भुसा पसरायचा. मोटारीच्या पाण्याचा एक थेंब घालायचा नाही. ऐकताय ना, निगीनाचे बाबा?"

"मला कान आहेत."

"आहेत, ते दिसतंय. त्यातून आत काही जातं का, ते विचारतेय."

"अगं, मी चौतीस वर्षं..."

"पेटीतली हवा मोजलीत. पेटीत वेल नव्हता."

गाडीत बसतानाही ती घराकडे बघत नव्हती, भिंतीवरून दिसणाऱ्या मांडवाकडे बघत होती.

पहिले दोन मंगळवार मी तिने सांगितलं तसं केलं. मग माझी अक्कल आडवी आली.

आमच्या गल्लीत पाटाचं पाणी सोडण्याचं काम शोदमोन बघतो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आमच्यापासून सहा घरं पलीकडे. एका दुपारी चहाखान्यात त्याने गुडघा चोळत सांगितलं, "तीन दिवसांत गरमसेल सुटणार." गरमसेल म्हणजे तो वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा, जो पानं भाजून काढतो. मी आदल्याच दिवशी जुन्या सहकाऱ्याला फोन करून वाऱ्याची दिशा विचारली होती. म्हटलं, "शोदमोन, आठवडाभर तरी काही येत नाही. तुझा गुडघा केंद्रात पाठवून दे, तिथे भंगार जमा करतात." सगळे हसले. तोही हसला, पण कमी.

तिसऱ्या दिवशी दहा वाजता गरमसेल सुटला.

त्यानंतर मी रस्त्यात दिसलो की कोणी ना कोणी विचारायचं, "नुसरतआका, गुडघा काय म्हणतोय?" मी चहाखान्यात जायचं सोडलं. वारा पाच दिवस चालला, पाट आटत आला आणि सोमवारी शोदमोन गल्लीत दारोदार सांगत फिरला, "पाणी निम्मंच आहे. उद्या पाळ्या बंद. ज्यांची भाजी आहे त्यांना आधी. बाकी ज्याचं अगदीच अडलंय त्याने मला येऊन सांगा, मी वाट काढतो." माझ्या दाराशी आला तेव्हा मी आतच बसून राहिलो. त्याने बाहेरूनच ओरडून सांगितलं आणि पुढे गेला.

फक्त जाऊन सांगायचं होतं. "शोदमोन, वेलाचं अडलंय." चार शब्दही नव्हते. मला वाटलं, गेलो की तो गुडघ्यावर हात ठेवून हसणार. आज वाटतं, हसला असता तर हसला असता.

मी मोटार सुरू केली. आमच्या अंगणातल्या बोअरचं पाणी इतकं खारं आहे की त्याचा चहा होत नाही. फरशी धुतली तरी वाळल्यावर पांढरी राहते. मी स्वतःला समजावलं, पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न, तहानलेल्याला पाणी ते पाणी. आळं भरलं. दुसऱ्या दिवशी पानं माना टाकून होती म्हणून भर दुपारी पुन्हा भरलं. असं सहा दिवस केलं. सातव्या दिवशी आळ्याच्या मातीवर मीठ फुटलं होतं, भाकरीवर पीठ भुरभुरावं तसं. पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग पानं आतवर जळत गेली, मग गळायला लागली. घड सुकून मिऱ्यांएवढे झाले. मी पानं झाडून गोणीत भरत होतो, जसं काही ती पाहणारं तिथे कोणी होतं.

फोनवर महफूजा रोज विचारायची. "वेल कसा आहे?"

"हिरवागार."

"घड भरले?"

"भरले. तू बाळाकडे बघ."

एके दिवशी ती म्हणाली, "फोन फिरवा ना जरा. दाखवा मला."  मी शिडीवर चढलो आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या मांडवावर फोन धरला. हिरवी पानं, काळेभोर घड. ती जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे," आणि बाळ रडतंय म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, सुटलो. घड काळे होते हे त्या वेळी माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. इतका शहाणा मी.

एकेचाळिसाव्या दिवशी ती आली. दारातून अंगणात ऊन दिसलं तिला. आमच्या अंगणात ऑगस्टमध्ये ऊन कधी जमिनीला लागलं नव्हतं. तिने पिशवी खाली ठेवली, आळ्यापाशी गेली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

मी बोलायला सुरुवात केली. गरमसेल, पाट, शोदमोन, सगळं. तिने हाताने थांबवलं. "चहा ठेवा," एवढंच म्हणाली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला उत्तरं सापडतात. ती शोदमोनकडे गेली, पाणी मागून आली, आणि शेताचं मीठ धुतात तसं तीन मंगळवार आळं तुडुंब भरून धुतलं. शोदमोन स्वतः फावडं घेऊन आला, पाण्याला वाट काढून दिली. मी बाजूला उभा. तो गुडघ्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. मला त्याचाही राग आला.

नोव्हेंबर आला. आमच्याकडे हिवाळ्यात वेल उघडा ठेवत नाहीत. मांडवावरून सोडवून, वाकवून चरात निजवतात आणि वर माती ओढतात. वसंतात पुन्हा काढतात. सगळी गल्ली त्या आठवड्यात वेल पुरत होती. महफूजा सकाळी फावडं भिंतीला टेकवून माझ्यासमोर उभी राहिली.

"पुरू या ना, निगीनाचे बाबा."

आमचा वेल म्हणजे वाळकी लाकडं. मी बघूही शकत नव्हतो त्याच्याकडे. रोज सकाळी दार उघडलं की तो माझी लाज काढत उभा. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "मेलेल्याला दोनदा पुरत नाहीत."

ती मनगट चोळत राहिली. मग म्हणाली, "खोड वाकवायला मला एकटीला जमायचं नाही. मनगट दुखतं. शोदमोनआकांना बोलावू का?"

"घरात पुरुष असताना बाहेरचा कशाला? आणि गल्ली हसेल. सरपण पुरतोय म्हणतील."

"हसू दे की."

"तुला काय जातं म्हणायला! हसतात ते मला."

तिने फावडं उचलून परत ठेवलं. दुसऱ्यांदा म्हणाली नाही. मला ते माझ्या मुद्द्याचं वजन वाटलं.

जानेवारीत तशी थंडी आली, जी दहा-बारा वर्षांत एकदा येते. उणे बावीस. सवयीने मी पहाटे उठून खिडकीतला तापमापक बघितला आणि आकडा मोठ्याने वाचला. महफूजा जागी होती. तिने कूस बदलली. पलीकडच्या अंगणात वेल मातीखाली झोपला होता, आमचा मांडवावर उभा.

मार्चमध्ये गल्लीतले वेल मातीतून निघाले. मे संपेपर्यंत महफूजाने वाट बघितली. रोज सकाळी आळ्यापाशी बसायची. मग एक दिवस म्हणाली, "काढून टाका." मी करवत घेऊन गेलो, पण खोड माझ्याने कापवेना, म्हणून शोदमोनला तिनेच बोलावलं. त्याने जमिनीलगत कापलं, काप बोटाने चाचपला, मग खाली वाकून गळलेली पानं बाजूला केली आणि बराच वेळ उठला नाही.

"नुसरतआका, हे बघा."

खोडाच्या बुडाशी दोन फुटवे होते. वीतभर. काळे पडलेले, पण त्यांच्यावर पानांच्या देठांच्या खुणा होत्या. म्हणजे त्यांना पानं आली होती. मी त्यातला एक ओढून हातात घेतला.

"हा उन्हाळ्यात मेला नव्हता," शोदमोन म्हणाला. "मीठ धुतल्यावर बुडातून फुटलाय. थंडीने गेला. मुळं मिठाने खचलेली, वरून बर्फ... एवढी माती जरी अंगावर असती..." त्याने हाताने कोपरापर्यंत दाखवलं आणि माझ्याकडे बघून बोलणं थांबवलं. करवत पुसत बसला.

मी महफूजाकडे वळलो. "तू पाहिले होतेस हे?"

"ऑक्टोबरात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पुरू या, असं मी म्हणाले होते की."

"फुटवे आलेत म्हणून सांगायचं होतंस! मी काय..."

"सांगून काय झालं असतं? तुम्ही म्हणाला असतात, वीतभर फुटव्याने काही होत नाही." तिचा आवाज चढला नाही. "शेजाऱ्याचे काळे घड मला दाखवलेत, तेव्हाच वाटलं, हे आता माझ्याशी खरं बोलणार नाहीत. मग मी कशाच्या जोरावर हट्ट धरू? म्हटलं, एकदा विचारावं. हे मनाने हो म्हणाले तर वाचेल."

शोदमोन करवत घेऊन निघून गेला. मला जाणवलं की मी अजून हातातला फुटवा धरून उभा आहे. तो मोडला. आत जराही ओल नव्हती.

यंदाचा चिल्ला परवा बसला. अंगणात सावली नाही. मी मांडवाच्या जागी तापमापक लावला होता. दुपारी त्याने अठ्ठेचाळीस दाखवले तेव्हा काढून ठेवला. निगीनाचं पोर वर्षाचं झालंय, पुढच्या महिन्यात येणार आहे. महफूजा म्हणते, अंगणात खेळवता येणार नाही, खोलीतच ठेवू. निगीनाने फोनवर विचारलं, "आई, ती कांडी या वेळी नेऊ ना?" महफूजाने माझ्याकडे फोन दिला. मी खोटं बोललो नाही. तेवढं तरी केलं.

आज सोमवार. सकाळी महफूजा म्हणाली, "उद्याची आपली पाळी अजून तशीच चालू आहे. उगाच रिकाम्या खड्ड्यात पाणी जातं. शोदमोनआकांना सांगून या, दुसऱ्या कोणाला द्या म्हणावं."

मी टोपी घातली आणि निघालो. ऊन चढलं होतं तरी गल्लीत भिंतींची सावली होती. सहा घरं. वाटेत एकदाही थांबावं लागलं नाही. गेल्या जुलैत मला हे अंतर पार करता आलं नव्हतं.

दार शोदमोननेच उघडलं. मला बघून त्याने भुवया वर केल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "या, नुसरतआका. पाणी हवंय होय? अहो, मागायचं नुसतं. उद्या पहाटे सोडतो की."

 त्याच्या उंबऱ्यावर बसलो आणि रडलो.