तळाचं गवत

तानुबाईनं पाठीवर काठी हाणली आणि म्हैस आसरांच्या डोहात लोटली.

पूर्णेच्या या डोहात गाव पाय घालत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पार्बताबाईची लेक कौशल्या धुणं धुता धुता इथंच गडप झाली, हाती लागलीच नाही. पाण्यातल्या आसरांनी नेली म्हणाले, हळदकुंकू वाहिलं, आणि गुरांना पाणी पाजणंसुद्धा बंद केलं. पण तानुबाई करते काय बिचारी! औंदा पावसानं दगा दिला, मागोमाग मानमोडीच्या तापानं सून नेली, आणि पाच महिन्यांची नात या एका म्हशीच्या दुधावर जगत होती. बाकीच्या नदीत तळाशी उगवणारं गवत साऱ्या गावच्या म्हशींनी मुळासकट ओरबाडलेलं. परवा म्हैस आटली. काल दिवसभर नातीला गुळाचं पाणी चाटवलं, आज सकाळी तर लेकराला रडायचंही त्राण नव्हतं.

म्हशीनं पाण्यात तोंड खुपसलं. वर आलं ते रिकामंच, चिखलानं माखलेलं. पुन्हा खुपसलं, पुन्हा तेच.

"खाय ना वं, खाय माय माही!" तानुबाईला रडू फुटलं.

"तानुबाई!"

काठावर पार्बताबाई उभी होती, हातात हळदकुंकवाची वाटी. आता ही बोंब मारणार, गाव गोळा होणार, म्हैस हाकलून लावणार.

"मले शिव्या दे पार्बताबाई, पण हाकलू नोको. लेकरू मरून राहिलं माह्यं."

पार्बताबाईनं वाटी खाली ठेवली, लुगडं वर खोचलं आणि सरळ पाण्यात उतरली. दावं धरून तिनं म्हशीला उंबराच्या बाजूला ओढत नेलं. कमरेएवढ्या पाण्यात म्हशीनं तोंड बुडवलं, आणि वर काढलं तेव्हा जबड्यातून हिरवंगार गवत लोंबत होतं.

"तिकडे निस्ता गाळ हाय," पार्बताबाई म्हणाली. "इथून त्या खडकापोतर दाट हाय. खडकामागं काईच नाई."

"तुले कसं मालूम वं?"

पार्बताबाई म्हशीची पाठ थोपटत राहिली.

"दोन वर्सांपासून रोज दुपारी उतरून राहिली मी. पायानं सारा डोह चाचपला, बोटभर जागा सोडली नाई. गवतच लागलं पायाले."