एकशे बारा कोरी पानं

सरकारी दप्तरखान्यात वंशावळ शोधणाऱ्यांसाठी दहा दिवसांचा वर्ग निघाला, तेव्हा शिकवायला सूचीबाईंना बोलावणं गेलं. बत्तीस वर्षं त्यांनी तिथेच काढली होती आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. जन्ममृत्यूपासून तुरुंगापर्यंतच्या आठ हजार रजिस्टरांची सूची त्यांनी एकटीने, हाताने लिहून काढली होती, म्हणून हे नाव. नाव त्यांना आवडायचं. माणसं फारशी आवडायची नाहीत.

पहिल्या दिवशी वर्गावर नजर फिरवताना त्यांनी जे नाक मुरडलं, ते सरळ व्हायची चिन्हं दिसेनात. एक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या घरात कुणी सेनापती होऊन गेला म्हणे. त्यांना शोध नको होता, फक्त शिक्का हवा होता. "कुठल्या लढाईत?" असं बाईंनी विचारलं, तर म्हणाले, "तेच तर तुम्ही सांगायचं." दोन बहिणी होत्या. आपली पाती, म्हणजे घराण्याची शाखा, चुलत्यांच्या पातीपेक्षा थोरली आहे एवढं सिद्ध झालं की त्या सुखाने मरायला मोकळ्या होत्या. बाकीचेही याच वाणाचे. चोर, भिकारी, पळून गेलेली बायको असलं काही कुणाच्याच घराण्यात नव्हतं. मग तुरुंगाची तीनशे रजिस्टरं भरली कुणी, असं बाईंच्या अगदी ओठांवर यायचं.

आणि एक शिष्यवृत्तीवाली होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्री करणारी, चाळिशीची, मनगटांवर भाजल्याचे डाग. वर्गाला एकच शिष्यवृत्ती होती आणि ती हिला मिळाली, कारण साहेबांना म्हणजे दप्तरखान्याच्या प्रमुखांना उद्घाटनाच्या भाषणात 'तळागाळापर्यंत' हा शब्द वापरायचा होता. ती कधी प्रश्न विचारायची नाही, पाठ्यपुस्तक उघडायची नाही. जुनी अक्षरं मात्र भराभर वाचायची. बाईंना वाटलं, ठोंब आहे, अंदाज बांधते.

सहाव्या दिवशी वर्ग पहिल्यांदा आतल्या दालनात गेला. एरवी तिथे नोकरदारांशिवाय कुणाला पाऊल टाकू देत नसत. प्रत्येकाने सरावासाठी एक रजिस्टर मागायचं होतं. डॉक्टरांनी सैन्याचं मागितलं. शिष्यवृत्तीवाली म्हणाली, "अनाथगृहाचं, नववं."

"सूची बघितलीस का?" बाई म्हणाल्या. डॉक्टरांना त्या 'तुम्ही' म्हणत, हिला 'तू'. "एकशे चाळीसपर्यंतच लिहिलेलं आहे. एकशे एक्केचाळीस ते दोनशे बावन्न कोरी पानं. कोऱ्या पानांत कुणाचे पूर्वज शोधणार?"

डॉक्टर हसले.

"बघितली," ती म्हणाली. "तरी द्या."

"माझी सूची चुकत नाही."

"मग द्यायला काय हरकत आहे?"

बाईंनी रजिस्टर तिच्यापुढे आपटलं. तिने सावकाश एकशे एक्केचाळिसावं पान काढलं. पानं ओल लागून एकमेकांना चिकटली होती. इस्त्रीची घडी उलगडावी तशी तिने बोटांच्या कडेने ती सोडवली. खाली गच्च लिहिलेलं होतं. पुढच्या पानावरही. त्याच्याही पुढच्या.

बहिणींपैकी धाकटी म्हणाली, "अगंबाई!"

बाईंना आश्चर्य वाटलं नाही, आणि हेच वाईट होतं. त्यांना ते पान पक्कं आठवत होतं. चिकटलेली पानं सोडवायला दोन दिवस गेले असते, आणि त्यांना घाई होती ती वतनदारांच्या वंशावळींकडे वळायची. त्यावर लोक पुस्तकं लिहिणार होते. रस्त्यावर सापडलेल्या पोरांना शोधत कोण येणार आहे, असं म्हणून त्यांनी लेखणी उचलली आणि लिहिलं: कोरी.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी रजिस्टर पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "ओलीमुळे होतं असं. पानं खराब म्हणून नोंद करू, विषय संपला."

साहेबांविषयी बाईंना कधीच आदर नव्हता, पण इतकी किळस आज पहिल्यांदा आली. आपल्यासाठीच ते खोटं बोलत होते म्हणून जास्त.

"ओलीचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "मी वाचली नाहीत. या मुलांना विचारायला कुणी येणार नाही असं धरून चालले."

शिष्यवृत्तीवालीने मान वर केली. "मी आले होते बाई. तीन वर्षांपूर्वी, खिडकीवर. आजीचं साल सांगितलं, तुम्ही सूची बघितली आणि म्हणालात, नववं रजिस्टर, त्या सालची पानं कोरी आहेत. मी म्हटलं, एकदा आत बघू द्या. तुम्ही म्हणालात, हा बाजार नाही."

बाईंना काही आठवेना. असं त्या किती जणांना म्हणाल्या होत्या.

"म्हणून वर्गाचा अर्ज भरला," ती म्हणाली. "शिकायला नाही. या दारातून आत यायला."

मग ती वाचत राहिली आणि दुपारी एकशे शहाण्णवाव्या पानावर थांबली. तिच्या आजीला सगळा गोतावळा 'टाकलेली' म्हणायचा. लग्नात, भांडणात, मेल्यावरसुद्धा. पानावर आजीच्या नावापुढे लिहिलं होतं: मुलगी, दीड वर्षाची. आई कपडे धुण्याचं काम करते, आजारामुळे ठेवून गेली. दर रविवारी पाहायला येते. बरी होऊन मुलगी परत मागितली. घर नाही म्हणून नाकारली. पुन्हा मागितली, नाकारली. असं सहा वेळा, तारखांसकट.

तिने ते दोनदा वाचलं. रडली नाही. पदराने हात पुसले, पानाला घाम लागू नये म्हणून.

"मी तुमची..." बाईंनी सुरुवात केली. माफी मागायची सवय नसल्यामुळे शब्द पुढे सरकेना.

"माझी राहू द्या," ती म्हणाली. "अजून छप्पन्न पानं आहेत. प्रत्येक पानावर चार-पाच पोरं. त्यांची सूची कोण करणार?"

उरलेले चार दिवस डॉक्टर, बहिणी आणि साहेब यांचं काय झालं ते बाईंनी पाहिलं नाही. वर्ग दुसऱ्या कुणीतरी उरकला. दालनाच्या टोकाच्या टेबलावर शिष्यवृत्तीवाली पानं सोडवून वाचायची आणि सूचीबाई लिहून घ्यायच्या. एका नावाशी बाई अडखळल्या आणि अंदाजाने लिहून मोकळ्या झाल्या.

"थांबा," ती म्हणाली. "काय लिहिलंत ते वाचून दाखवा."

बाईंनी वाचलं.

"चुकलं. खोडा."

बाईंनी खोडलं. "तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या, "मी लिहिते."